शोभेचा अशोक

वसईच्या खाडीपासून गोखिवऱ्याच्या टेकडीपर्यंत जे जे म्हणून हिरवे उगवते, ते सारे माझ्या यजमानांच्या काकींनी कधी ना कधी उकळून मला पाजलेले आहे. यात अतिशयोक्ती असलीच तर नारळाच्या झावळीपुरती असेल. आणि तिचेही मी खात्रीने सांगू शकत नाही, कारण औषधात काय घातले आहे हे रोग्याने विचारले की त्याचा गुण जातो, अशी काकींची ठाम समजूत होती. त्यामुळे नव्वदच्या दशकातल्या माझ्या उमेदीच्या वर्षांत मी नेमके काय काय प्यायले, हे मला आजही ठाऊक नाही. काही चवी ओळखता येत. मेथी ओळखू येई, ओवा ओळखू येई, आले आणि बाळंतशेपा तर लपूच शकत नसत. फार कडू असे ते बहुधा गुळवेल असावे. त्यापलीकडे शेवाळी रंगाचा आणि किंचित चिखलाच्या वासाचा जो एक द्रव होता, त्याच्याविषयी अंदाज करणेही मी पुढे पुढे सोडून दिले.

काकी म्हणजे ह्यांच्या धाकट्या काकांच्या पत्नी. काका फार लवकर गेले, मूलबाळ झाले नाही. खाडीकडच्या गावात भाताचे एक शेत आणि विहिरीभोवतीची केळी-अबोलीची लहानशी वाडी एवढ्यावर त्या एकट्या राहत. उंच, काटक, वर खोचलेले नऊवारी लुगडे, पायात बहुधा काही नाही, आणि चालताना नजर सतत जमिनीकडे. नव्या माणसाला वाटे, म्हातारी विनयशील आहे. प्रत्यक्षात रस्त्याकडेला काय उगवले आहे ते त्या पाहत असत. एखादे रोप मनात भरले की त्याच्यापुढे उकिडव्या बसून, "नेते हां जराशी, सुनेला पायजे," अशी त्याची परवानगी घेत, आणि रोपाने हरकत घेतली नाही की मुळासकट उपटीत. मी सातारकडची, संस्कृत घेऊन एम. ए. झालेली, वसईतल्या एका शाळेत शिकवणारी, आणि चार माणसांत बोलायचे म्हटले की घसा कोरडा पडणारी. काकींना माझ्या संस्कृतचे भारी कौतुक होते. "सगली औषधं त्याच भाषेत हायत ना? मग तुला लवकर लागू पडतील," असे त्या म्हणत. औषधांना मात्र माझी भाषा कधी कळली नाही.

आम्ही राहत होतो गोखिवऱ्याच्या एका नव्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. काकी गावाहून एसटीने स्टेशनपर्यंत येत, पूल चढून पूर्वेला उतरत, आणि तिथून रिक्षावाल्याला, "पोरा, हलू चालव, बाटल्या हायत," असे बजावून आमच्या फाटकाशी येऊन ठेपत. या बाटल्यांची एक वेगळीच कथा आहे. काकींच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब होते; त्यांच्याकडे लग्नकार्य झाले की रिकाम्या बाटल्यांचा ढीग पडे, आणि काकी त्या राखेने घासून, उकळत्या पाण्यातून काढून, माझ्या काढ्यांसाठी वापरीत. बाटली स्वच्छ होई, पण तिच्यावरचे चित्र जात नसे. परिणामी, शाळेत सुभाषिते शिकवणाऱ्या बाईंच्या घरी दर पंधरवड्याला एक म्हातारी पिशवीभर रमच्या चपट्या बाटल्या पोचवते, आणि बाई त्या रिकाम्या करून परत देतात, हे दृश्य आमच्या सोसायटीने कितीतरी महिने पाहिले. कोणी मला काही विचारले नाही. मीही आपण होऊन खुलासा केला नाही, कारण खुलासा करायचा तर दुखण्याचे नाव काढावे लागले असते. त्यापेक्षा मद्यपी ठरणे मला सोपे वाटले.

काकींचा दुसरा नियम असा की, औषध आधी स्वतः घ्यायचे. साठी उलटलेल्या त्या बाईला माझ्या दुखण्याचे औषध लागू पडण्याचा काही संबंध नव्हता. पण त्या माझ्यासमोर पाटावर बसत, एका वाटीत स्वतःसाठी ओतून घेत, डोळे मिटून घटाघटा पीत आणि थोडा वेळ थांबत. "आधी मी घेते. मेले नाय तर तू घे." एकदा कसल्याशा मुळीने त्यांना दिवसभर परसाकडे धावावे लागले, तेव्हा मोठ्या समाधानाने म्हणाल्या, "बग, तुझ्यावरचं गेलं." स्वतःची रक्तदाबाची गोळी मात्र त्या डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला, दाराआड जाऊन, गुपचूप घेत. मी एकदा पाहिले, तर जराही न वरमता म्हणाल्या, "ती येगली गोष्ट हाय. रक्ताला पाला कलत नाय."

आता दुखण्याविषयी दोन शब्द लिहायला हवेत, आणि तेच मला कठीण जात आहे. महिन्याचे ते चार-पाच दिवस कोणीतरी ओटीपोटात ओले कापड पिळावे तसे पिळीत असे. कंबर, मांड्या, पार गुडघ्यापर्यंत कळ उतरे; फळ्याकडे तोंड केले की डोळ्यांपुढे अंधारून येई आणि मी उगाचच खडू शोधत टेबलाशी वाकून उभी राही. कुमारवयात डॉक्टर म्हणाले होते, लग्न झाले की थांबेल. लग्न झाल्यावर म्हणाले, एक मूल झाले की थांबेल. मूल होत नव्हते, आणि ते ज्या कारणाने होत नव्हते ते हेच दुखणे होते, हे कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. शाळेत मी रजेच्या अर्जावर 'डोकेदुखी' लिहीत असे. घरी हे समंजस होते. पण समंजस माणसालाही दर महिन्याला तेच तेच ऐकवण्याची लाज वाटू लागते. हळूहळू मलाच वाटू लागले की सगळ्याच बायकांना इतके दुखत असणार, आणि मी तेवढी नाजूक आहे.

काकींना मी काहीही सांगितले नव्हते. गावातल्या एका हळदीला मी भिंतीला टेकून बसले होते. त्या समोरून आल्या, माझ्या तोंडाकडे पाहिले आणि पायाचा अंगठा माझ्या पावलाला लावून पाहिला. "बरफ झालाय. पोटात दुखतंय ना ग बाय?" मी नेहमीप्रमाणे म्हणाले, "डोकं जरा..." "डोकं खाली आलं का तुझं? दुखतंय तर दुखतंय म्हन!" आणि मग हळद कुटणाऱ्या साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी जाहीर केले, "सरका ग, जागा द्या. हिची पिशवी दुखते!" त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी आनंदाने आत गेले असते. पण संध्याकाळी मी विहिरीशी तोंड धूत असताना गावातल्या तिघीजणी एकेक करून काकींजवळ येताना पाहिल्या. प्रत्येकीने आधी इकडेतिकडे पाहिले आणि मग हळूच तेच म्हटले, "काकी, मलापन."

त्यानंतरच्या गणपतीत काकींनी मला जास्तच अवघडून टाकले. गावात ह्यांच्या थोरल्या चुलतभावाच्या घरी सगळे कुटुंब जमे. सकाळपासून मी मोदक वळत होते, आणि कळा सुरू झाल्या होत्या. बाहेर बसण्याची रीत त्या घरातून एव्हाना गेली होती, आणि ती गेली याचा मला मनापासून आनंद होता. काकी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या आणि कडाडल्या, "हिला उठवा! हिला शिवायचं नाय!" मोठ्या जाऊबाई कुजबुजल्या, "काकी, आता कोण पाळतं हे?" "मी पालते. देव काय तुमचा एकलीचा हाय?" माझ्या शिक्षणाचा, माझ्या मतांचा, माझ्या सगळ्याचाच जणू चव्हाट्यावर पंचनामा झाला. काकी मला पुढे घालून आपल्या घरी घेऊन गेल्या, दाराला आतून कडी लावली, चटई अंथरली, आणि मिठागराचे जाड मीठ तव्यावर तापवून त्याची पुरचुंडी माझ्या पोटावर ठेवली. मी रागाने रडत होते. त्या म्हणाल्या, "देवाला काय व्हतंय ग? देवाला सगलं चालतं. पन 'हिला दुखतंय' असं म्हटलं असतं, तर तुला मोदकावरून कोनी उठू दिलं असतं? आता चार दिस कोनी हाक मारनार नाय. झोप." त्या रीतीचा मला तेव्हाही तिटकारा होता आणि आजही आहे. पण मी झोपले, हेही खरे.

पुढे मुंबईच्या एका डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून तपासले, तेव्हा दुखण्याला प्रथमच नाव मिळाले: एंडोमेट्रिऑसिस. इतक्या वर्षांच्या अपमानाला एक नाव होते, एवढ्यानेच मला हुंदका आला. गर्भाशयाच्या आत असायला हवे तसले अस्तर बाहेर, भलत्या जागी वाढते, दर महिन्याला त्यातूनही रक्त झरते आणि आतल्या आत गाठी होऊन सगळे एकमेकांना चिकटत जाते, असे त्यांनी कागदावर चित्र काढून समजावले. औषधे दिली, ती काही महिने चालली, मग त्यांचाच त्रास होऊ लागला. शेवटी त्या म्हणाल्या की गाठी मोठ्या आहेत, माझी अवस्था पाहता पिशवी काढण्याचा विचार करावा. मी तेव्हा चौतिशीत होते. काकींना हे सांगितले तेव्हा त्या वाडीत गवत काढत होत्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि खुरपे जमिनीत रोवले.

"म्हंजे शेतात लावायचं ते बांधावर उगवलं."

"हो काकी, तसंच."

"मग बांध निंदायचा. बांधावर तन आलं म्हनून कोनी शेत इकतं का?"

आमच्या आजूबाजूला त्या काळात रोज कोणी ना कोणी शेत विकतच होते. पण ते बोलण्याची ती वेळ नव्हती. काकींनी मातीचे हात लुगड्याला पुसले आणि जन्मात कोणाकडे काही मागितले नसेल अशा आवाजात म्हणाल्या, "मला एक वरीस दे."

मी ते दिले. मलाही ते हवे होते.

त्या वर्षात माझे लोणचे बंद झाले, पापड बंद झाले, वांगे, दही, चिंच, सगळे बंद झाले. हळदीचे दूध आले, जवसाची चटणी आली, एरंडेलात भिजवलेल्या फडक्यावर गरम विटेचा शेक आला. आणि अशोकाची साल आली. बायकांच्या दुखण्यात अशोकासारखे औषध नाही, हे काकींनी कुठेतरी ऐकले होते, आणि मीही पोथीत वाचले होते. त्यामुळे या एका औषधावर आम्हा दोघींचे एकमत झाले. शिवाय ते आमच्या सोसायटीतच होते. बिल्डरने कुंपणाच्या कडेने उंच, सरळसोट अशोकांची रांग लावली होती, आणि तिला सगळे अशोकच म्हणत. एका सकाळी खालून आरडाओरडा ऐकू आला म्हणून मी गॅलरीतून पाहिले, तर काकी कोयत्याने झाडाची साल काढीत होत्या, वॉचमन कपाळाला हात लावून उभा होता, आणि आमचे सेक्रेटरी, लेंगा-बनियनवर, तावातावाने बोलत होते.

"आजी, अहो हे सोसायटीचं झाड आहे!"

"मग पोटपन सोसायटीच्याच बायचं दुखतंय!"

"कोणाचं?"

मी झटकन आत सरले. पण उपयोग नव्हता. "तिसऱ्या माल्यावरची! बाटल्यावाली!" हे सबंध आवाराला ऐकू गेले. सेक्रेटरींनी एकदा वर पाहिले, मग खाली मान घालून ते म्हणाले, "मागच्या बाजूचं झाड घ्या. पुढून दिसायला बरं नाही दिसत." दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीने आमच्या दारात गरम पाण्याची रबरी पिशवी आणून ठेवली.

तो काढा आम्ही दोघी चार महिने प्यायलो. आधी त्या, मग मी. दर महिन्याला त्या विचारीत, "उतार हाय?" पहिल्या महिन्यात मी म्हणाले, थोडा आहे. दुसऱ्यातही म्हणाले. तिसऱ्या महिन्यात मी काही बोलले नाही, आणि त्यांनी काढ्यातली साल वाढवली. चौथ्या महिन्यात मी शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडले, तेव्हा त्या मला वसई गावातल्या एका वृद्ध वैद्यांकडे घेऊन गेल्या. सोबत सालीचा तुकडा घेतला होता, मात्रा बरोबर आहे ना ते विचारायला. वैद्यांनी तुकडा उजेडात धरला, नखाने खरवडला. "हे कशाचं?" "अशोकाचं." ते सौम्यपणे म्हणाले, "नाही बाई. हा शोभेचा. लोक यालाच अशोक म्हणतात. औषधाचा अशोक निराळा, बुटका असतो, त्याला शेंदरी फुलांचे झुबके येतात. इकडे फारसा दिसत नाही." काकींनी तो तुकडा परत पदरात बांधला. रस्त्यावर आल्यावर म्हणाल्या, "म्हंजे चार म्हयनं आपन दोगी शोभा प्यायलो." मी हसू लागले. पोट धरून हसू लागले, मग कळ आली म्हणून वाकले, आणि त्या तिथेच, भर बाजारात, माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. माझे हसू कधी थांबले आणि दुसरे काही कधी सुरू झाले, ते आम्हा दोघींना कळले नाही.

खऱ्या अशोकाची सुकी साल मग वैद्यांकडून आणली. तीही प्यायलो. वर्ष सरले. खोट्या झाडाने केले नाही ते खऱ्या झाडानेही केले नाही. अंगातले रक्त फार कमी झाले होते, गाठी वाढल्या होत्या. काकींनी दुसरे वर्ष मागितले नाही.

शस्त्रक्रियेनंतर डोळे उघडले तेव्हा त्या खाटेजवळच्या स्टुलावर बसलेल्या होत्या. हातात पिशवी नव्हती, बाटली नव्हती. त्यांना अशा रिकाम्या हातांनी मी कधी पाहिले नव्हते. मला शुद्धीवर आलेले पाहून म्हणाल्या, "आता तुला काय देऊ ग?" तेवढे म्हणून तोंडाला पदर लावला.

तिसरा मजला चढणे मना होते, म्हणून ह्यांनी मला गावी काकींकडे नेऊन ठेवले. पोचले त्याच दिवशी पाहिले, तर आतल्या खोलीची खिडकी पोत्याने झाकली होती, बाजेखाली शेगडी धुमसत होती, आणि ओवा-वेखंडाच्या धुरीने डोळे चुरचुरत होते. माझ्या कानांवरून पांढरे फडके बांधले गेले. टाके सांभाळून पायांना, पाठीला तेल लागले. अळिवाची खीर आली, डिंकाचा लाडू आला, जेवणानंतर बाळंतशेपा आल्या. मला उमगायला दोन दिवस लागले. काकी माझे बाळंतपण करीत होत्या.

मोठ्या जाऊबाई पाहायला आल्या आणि दारातच थबकल्या. "काकी, हे काय मांडलंय? गाव हसतंय. मूल कुठं आहे?"

"मूल नाय म्हनून काय झालं? पोट कापलंय ना? पिशवी रिकामी झाली ना? बालंतिनीचीपन रिकामीच व्हते. तिला सव्वा म्हयना मिलतो, मग हिला का नाय?"

जाऊबाईंनी आत येऊन शेगडीतले निखारे सारखे केले. त्या गेल्यावर, इतक्या वर्षांत जे विचारण्याचा धीर झाला नव्हता ते मी विचारले. "काकी, तुम्हालाही असंच दुखत होतं का?" त्या माझ्या पायाला तेल चोळत होत्या, हात थांबला नाही. "मला कोनी इचारलंच नाय. मग दुखत व्हतं का नव्हतं, आता कसं सांगू?"

सव्वा महिना संपला की बाळंतिणीने मूल घेऊन विहिरीवर जायचे आणि पाण्याची पूजा करायची, अशी तिकडे रीत आहे. काकींनी हळदकुंकवाचे तबक तयार ठेवले होते. मी प्रथमच त्यांना नाही म्हटले. "मी हातात काय घेऊन जाऊ, काकी?" त्या मागल्या दारी गेल्या आणि दुधाच्या प्लास्टिक पिशवीत मातीसह लावलेले एक वीतभर रोप माझ्या हातांत आणून ठेवले. "वैद्याकडून आनलाय. ह्या बारीला नीट इचारून घेतलंय. खरा हाय."

"आता मला काय उपयोग याचा?"

"तुला नाय. हलदीतल्या त्या तिगींना लागंल."

ज्याची साल घेता येईल एवढे ते झाड व्हायला किती वर्षे लागतील, हे मी विचारले नाही. काकींनीही ते मोजलेले दिसले नाही. विहिरीच्या काठी आम्ही ते लावले. कुंकू त्यांनी पाण्याला वाहिले, रोपाला लावले आणि मग माझ्या कपाळाला.

माझे दुखणे पुरते गेले असे म्हणता येणार नाही. ते म्हातारे झाले, एवढेच. काकी त्यानंतर फार वर्षे राहिल्या नाहीत. त्यांच्यामागे शेत आणि वाडी दोन्ही विकली गेली, विहीर बुजवली गेली, आणि कमरेएवढा झालेला तो अशोक, एकदाही न फुलता, राडारोड्याबरोबर कुठेतरी गेला. आता तिथे सात मजल्यांची इमारत आहे. फाटकापासून आतपर्यंत बिल्डरने उंच, सरळसोट, शोभेच्या अशोकांची रांग लावली आहे. कधी त्या बाजूला जाणे झाले तर मी क्षणभर तिथे थांबते. साऱ्या झाडांच्या साली जिथल्या तिथे शाबूत असतात, आणि ते पाहून मला उगाचच वाईट वाटते.